बारा कोरे रकाने

दहावीची परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा गहिनीनाथ चौरे सरांना सुटल्यासारखंच वाटलं. दोन हजार एकवीसचा उन्हाळा होता. दुसऱ्या लाटेनं गावातलं एकही घर सोडलं नव्हतं. अशात एकेचाळीस पोरांना एका खोलीत तीन तास कोंडायचं म्हणजे जिवाशी खेळ. परीक्षा नाही म्हणजे पेपर नाहीत, गठ्ठे नाहीत, कॉपीवाल्यांच्या मागं धावणं नाही. पोरं पास आणि आपण मोकळे, असं ते बायकोला म्हणालेसुद्धा.

पण जूनमध्ये निकाल कसा लावायचा याचा आदेश आला आणि तो मोकळेपणा संपला.

युसूफ वडगावपासून पाच किलोमीटरवर त्यांची शाळा. आठवी ते दहावी, एकेक तुकडी, सहा शिक्षक. चौरे सर गणित शिकवायचे आणि दहावीचे वर्गशिक्षक होते. आदेश सोपा होता. प्रत्येक विषयाच्या शंभरांपैकी पन्नास मार्क नववीच्या निकालावरून धरायचे, तीस दहावीत वर्षभर घेतलेल्या लेखी चाचण्यांवरून आणि वीस तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे. नापास कोणालाच करायचं नव्हतं.

सरांनी तक्ता आखला आणि एकेचाळीस नावं लिहिली. नववीचे मार्क भरून झाले. तीसच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. चाचण्या मोबाईलवर घेतल्या होत्या. ज्यांच्या घरी मोबाईल होता, त्यांनी त्या सोडवल्या होत्या. पंचवीस, अठ्ठावीस, एकोणतीस असे मार्क होते. बारा रकाने कोरे होते. ती बाराही पोरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली होती. शाळा बंदच आहे तर पोरांना घरी ठेवून काय करायचं, म्हणून आईबापांनी त्यांना दिवाळीनंतर बरोबर नेलं होतं.

त्यांतलं एक नाव होतं मंगल अजिनाथ तांदळे. सरांनी तिची ओळ आडवी वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. नववीत मराठी अठ्ठ्याहत्तर, हिंदी चौऱ्याहत्तर, इतिहास-भूगोल एक्याऐंशी. गणित पस्तीस, विज्ञान पस्तीस.

ही पोरगी आठवीत फळ्यावरचं गणित सर लिहून व्हायच्या आत सोडवायची. तिला पस्तीस कसे पडतील? त्यांनी कपाटातून नववीचं जुनं रजिस्टर काढलं. सहामाहीच्या गणित आणि विज्ञानासमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : गैरहजर.

मग त्यांना सगळं आठवलं. त्या वर्षी टोळीचा ट्रक सहामाही संपायच्या दोन दिवस आधीच निघाला होता आणि नेमके शेवटचे दोन पेपर गणित-विज्ञानाचे होते. पुढं मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, नववीची वार्षिक परीक्षा झालीच नाही आणि निकाल सहामाहीवरून लावायचा ठरला. सरांनी तो घरी बसून, एका दुपारी उरकला होता. जिथं जिथं गैरहजर होतं, तिथं तिथं पस्तीस टाकले होते. पोरं पास झाली, भागलं. त्या पस्तीसांवर कधी कोणाची दहावी उभी राहील, हे तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकल काढून तांदळ्यांच्या वस्तीवर गेले.

अजिनाथ कामावर गेला होता. मंगलची आई सरस्वतीबाई अंगणात गहू निवडत बसली होती. सरांना पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, तोच मास्कसारखा तोंडापुढं ओढून घेतला आणि बाज पुढं सरकवली.

"बसा सर. पोरीचं काय काढलं आज?"

"निकाल लावायचाय वहिनी. मंगलनं यंदा अभ्यास किती केला, ते बघायला आलोय."

"पास तर सगळेच हायत म्हणं."

"पास हायत. पण मार्क द्यावे लागतेत."

सरस्वतीबाईंनी सूप खाली ठेवलं. "मार्काचं लौकर सांगा बरं सर. परळीकडचं स्थळ आलंय तिला. पोरगा टोळीतच हाय. लग्न झालं की दोघांचा नवा कोयता व्हतो." ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात, ते सरांना माहीत होतं.

"सोळा वर्षांची पोर ती. गुन्हा हाय वहिनी हा."

"गुन्हा तर हायच की. माझं चौदाव्या वर्षी झालं, तवाबी गुन्हाच व्हता." ती रागानं बोलत नव्हती, फक्त सांगत होती. "मला न्हाई द्यायची सर. पण ह्यांचं म्हणणं, चांगले मार्क पडले तर शिकवू. पस्तीसवाल्या पोरीला कोण शिकवतंय?"

मंगल तांब्या घेऊन बाहेर आली. उंच, किडकिडीत पोर. उसाच्या पाचटानं हातावर उठलेले ओरखडे अजून पुरते गेले नव्हते. सरांनी विचारलं, "पुस्तकं नेली होतीस का गं बरोबर?"

"नेलती सर. गणिताचं आन विज्ञानाचं. बाकीची ट्रकात बसंनात."

"वही दाखव."

तिनं आतून एक दोनशे पानी वही आणली. ती भिजून वाळलेली होती, त्यामुळं फुगली होती. गणिताच्या पुस्तकातले सगळे सरावसंच तिनं ओळीनं सोडवले होते. काही ठिकाणी अडली होती, तिथं कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सरांना विचारणे'. अशी सतरा ठिकाणं सरांनी मोजली. तिनं विचारायचं म्हटलं तरी सहा महिने सर जवळपासही नव्हते.

मागच्या पानावर एक चित्र होतं. कारखान्याचं धुराडं, त्याची सावली आणि शेजारी एक उभी काठी.

"हे काय?"

मंगल लाजली. "गाडी खाली व्हायला नंबर लागायचा, सर. चार चार तास थांबावं लागायचं. मंग मी धुराड्याची उंची काढली. पुस्तकात हाय ना, समरूप त्रिकोण."

"कशानं मोजलंस?"

"उसानं. सहा इंची पट्टीनं ऊस मोजून घेतला, एकशेऐंशी सेंटिमीटर भरला. तो उभा धरला तर त्याची सावली एकशेवीस. आन धुराड्याची सावली बावीस ऊस. उंची एकोणसाठ पूर्णांक चार मीटर आली. वॉचमनकाकाला विचारलं तर ते म्हणले साठ."

सरांनी वही मिटली. मनात होतं ते बोलून टाकल्याशिवाय त्यांना उठता येईना.

"मंगल, नववीला गणिताला तुला पस्तीस मिळाले. ते मी दिले होते. तुझं काही न बघता, रकाना भरायचा म्हणून."

"मी तर पेपरलाच नव्हते. तरी पस्तीस कसे पडले म्हणून मी लई इचार केला सर. मंग वाटलं, तुमी मला वर्गात बघितलंच हाय. मला तेवढंच येत असंल."

सरांनी हातातला तांब्या तसाच खाली ठेवला.

शाळेत परत आल्यावर ते कितीतरी वेळ ते रजिस्टर पुढं घेऊन बसले. पस्तीसचे पंच्याऐंशी करायला पेनचा एक फटकारा पुरे होता. अक्षर त्यांचंच होतं. कोणी विचारणार नव्हतं आणि विचारलं असतं तरी त्यांच्या मनाला ती चोरी वाटली नसती. पण आज आपण एका पोरीसाठी हे केलं, तर उद्या दुसऱ्या कोणासाठी दुसरं कोणी करेल आणि आपल्याला तोंड उघडता येणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी रजिस्टर कपाटात ठेवलं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मुख्याध्यापक शिवशंकर थळकरी दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नववीच्या निकालाला आता हात लावता येणार नाही, चौरे. सही-शिक्क्याचा कागद आहे तो. गणितात तिचे पन्नासपैकी साडेसतरा. अठरा धरा."

"ते मला कळतंय सर. पण तीस आणि वीस तर आपल्या हातात आहेत ना? ते तरी खरे देऊ. ही बारा पोरं पाच-पाच करून बोलावतो. विषयाला तीस मार्कांची छोटी लेखी, मग तोंडी. ज्यांची चाचणी झालेली नाही त्यांची प्रत्यक्ष घ्यायला आदेशात वाव आहे."

"आणि मोबाईलवर एकोणतीस पडलेले? त्यांचं खरं का?"

चौरे सर हसले. "ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. घ्यायची तर सगळ्यांचीच घ्यायला हवी."

"सगळ्यांची घेतली तर गाव अंगावर येईल. बारांची घ्या. बाहेर, लिंबाखाली. मास्क लावून."

सोमवारी पहिली पाच पोरं आली. लिंबाच्या सावलीत चार हातांच्या अंतरावर बसकर पट्ट्या टाकल्या होत्या. दुसऱ्या गटाच्या वेळी, बोलावलेलं नसताना, सहावी एक मुलगी येऊन उभी राहिली. राजनंदिनी. विजयसिंह अण्णांची लेक. अण्णा म्हणजे साठ एकर बागायतदार, बाजार समितीचे माजी सभापती आणि शाळेच्या संस्थेचे उपाध्यक्ष. आठच दिवसांपूर्वी ते थळकरी सरांना सांगून गेले होते की पोरगी पंचाण्णवच्या खाली यायला नको.

"तुझी चाचणी झाली ना बेटा? गणितात एकोणतीस आहेत तुला," चौरे सर म्हणाले.

राजनंदिनीनं मास्क वर ओढला. "ते दादानं सोडवलेत सर. तो इंजिनिअरिंगला आहे. मला बसू द्या."

"घरी माहीत आहे?"

"नाही. पण अकरावीला मी लातूरला जाणारे. तिथं दादा नसणार. मला किती येतं ते मलाच माहीत नाही सर."

सरांनी तिला एक पट्टी दिली. ती मंगलच्या शेजारी चार हातांवर बसली आणि दोघींनी माना खाली घातल्या.

तोंडीला मंगल समोर आली तेव्हा सरांनी विज्ञानाच्या बाईंनाही शेजारी बसवून घेतलं होतं, म्हणजे मार्क एकट्याच्या मनानं पडायला नकोत. पुस्तकातले प्रश्न झाले. मग सरांनी विचारलं, "वॉचमन साठ म्हणाला. तुझे एकोणसाठ पूर्णांक चार आले. साठ सेंटिमीटर कुठं गेले?"

मंगलनं बोटानं मातीत काहीतरी काढलं, पुसलं, परत काढलं. बाई सरांच्या कानाशी म्हणाल्या, "जाऊ द्या हो, जमेल तेवढं." सरांनी हातानंच थांबा म्हटलं.

"सर," मंगल म्हणाली, "धुराडं खाली रुंद असतं न् वर निमुळतं. मी सावली खालच्या भिताडापासून मोजली. पण सावलीचं टोक वरच्या काठाचं हाय, आन वरचा काठ आतमदी हाय. तेवढं मोजायचं ऱ्हायलं." मग थांबून म्हणाली, "न्हाईतर ऊस सरळ धरला नसंन मी. वारं लई व्हतं."

बाईंनी विसाच्या रकान्यात वीस लिहिले आणि सरांकडं सरकवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी विजयसिंह अण्णांची जीप शाळेच्या फाटकातून आत आली. अण्णा तरातरा ऑफिसात शिरले. मागून राजनंदिनीही आली होती.

"चौरे सर, पोरीला गणितात चोवीस दिले म्हणं तुमी? मोबाईलवर एकोणतीस व्हते!"

"तिनं स्वतः पेपर दिला अण्णा. त्यात चोवीस पडलेत. चांगले आहेत."

"कावून बसवलं तिला? नाव होतं का तिचं यादीत? शेजारच्या शाळा पोत्यानं मार्क वाटायल्यात, आन तुमी तराजू घेऊन बसलात व्हय?"

थळकरी सर खुर्चीतून अर्धवट उठले होते. राजनंदिनी पुढं झाली. "पप्पा, मी स्वतः बसले. ते एकोणतीस दादाचे होते."

"ते मला माहीत न्हाई का? अख्ख्या गावात तेच झालं. कोणाचा भाऊ, कोणाचा मामा!"

"मग माझे खरे किती ते तर कळले ना?"

पोरीचा आवाज चढला नव्हता, पण ती जागची हललीही नव्हती. अण्णा खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग एकदम त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी टेबलावर हात आपटला.

"असं कसं पण? माझ्या पोरीला चोवीस, आन शेजारच्या प्रवीणला मामाच्या जिवावर अठ्ठावीस? ती खरी वागली म्हणून मागं ऱ्हायची? हे न्हाई चालणार थळकरी सर. घ्यायची तर समद्यांची घ्या."

चौरे सरांनी थळकरी सरांकडं पाहिलं. थळकरी सर हळूच म्हणाले, "अण्णा, गाव ओरडेल."

"ओरडू द्या. मी हाय ना. माझ्याकडं पाठवा."

जे चौरे सरांनी मागूनही मिळालं नव्हतं, ते अण्णांच्या रागानं देऊन टाकलं. हा राग न्यायाचा होता की स्वतःच्या लेकीचा, याचा विचार सरांनी फार केला नाही. त्यांनी लगेच नोटीस लिहायला घेतली.

पुढच्या सहा दिवसांत उरलेली अठ्ठावीस पोरंही लिंबाखाली बसून गेली. आरडाओरडा झालाच. एक बाप येऊन शिव्या देऊन गेला, दुसऱ्यानं वर तक्रार करायची धमकी दिली. अण्णांनी दोघांनाही चहा पाजून, 'माझ्या पोरीचे पाच कमी झाले, तुझ्या पोराचे किती?' असं विचारलं. एक पोरगा कोरा पेपर देऊन रडला. सर त्याच्याजवळ बसले, त्याला जेवढं येत होतं तेवढं तोंडी विचारलं आणि तेवढे मार्क लिहिले. कोणी वर गेलं, कोणी खाली आलं. सातव्या दिवशी तक्त्यात एकही रकाना कोरा नव्हता आणि सहाही शिक्षकांनी खाली सह्या केल्या. थळकरी सर सही करताना म्हणाले, "सव्वीस वर्षांत एवढा वेळ एकेका पोरापाशी बसलो नव्हतो, चौरे."

जुलैच्या मध्यावर निकाल लागला. साइट दिवसभर उघडत नव्हती, ती संध्याकाळी उघडली. राजनंदिनीला सत्त्याऐंशी टक्के पडले. मंगलला गणितात नववीचे अठरा, लेखीचे एकोणतीस आणि तोंडीचे वीस मिळून सदुसष्ट, विज्ञानात चौसष्ट. सगळे मिळून शेकडा शहात्तर.

सरांनी आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. ते दोन पेपर तिनं नववीत दिले असते तर ती राजनंदिनीच्या पुढं असती. ते त्यांना आता कधीच भरून देता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी अजिनाथ, सरस्वतीबाई आणि मंगल गुणपत्रिकेचं विचारायला शाळेत आले, तेव्हा त्यांनी हेही लपवलं नाही. अजिनाथला समोर बसवून त्यांनी तक्ता दाखवला.

"हे अठरा माझ्या चुकीचे आहेत दादा. हे एकोणतीस आणि वीस तुमच्या पोरीचे. खरी मंगल बघायची असेल तर इकडं बघा."

अजिनाथनं त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. "तीसपैकी एकोणतीस?"

"आणि विसापैकी वीस."

"उसात राहून?"

"उसात राहून."

अजिनाथनं बोट न काढताच विचारलं, "सायन्सला लागते का हिला जागा? केजला?"

"लागते. मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म मी भरून देतो."

"मग परळीवाल्यायला फोन लावतो मी," तो म्हणाला. "त्यायला दुसरं स्थळ बघायला सांगावं लागंल." सरस्वतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि मंगलच्या पाठीत उगीचच एक धपाटा घातला. मंगल हसली, तेव्हा सरांच्या लक्षात आलं, की या पोरीला त्यांनी आठवीनंतर हसताना पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर टोळी गेली तेव्हा ट्रकात तांदळ्यांच्या घरचे दोघंच होते. मंगल केजला वसतिगृहात राहिली. डिसेंबरमधल्या एका रविवारी, सर दाढी करत असताना तिचा फोन आला. वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या मोबाईलवरून ती बोलत होती.

"सर, अकरावीचं गणित लई अवघड हाय."

"कुठं अडलीस?"

"सांगते. पाच ठिकाणी."

सरांनी अर्ध्या गालावरचा साबण पुसला, कॅलेंडरमागचं पेन काढलं आणि म्हणाले, "सांग. पहिलं कोणतं?"